साहेबांची अकरा पाकिटं

एका दुपारी मी अकरा माणसांचं दैवत परस्पर ठरवून टाकलं. कारण काय, तर मला गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, जायचं होतं.

वय वर्षं एक्कावन्न. नाकावर चष्मा, मुलगी लग्न होऊन सासरी, आणि जीव अडकलेला कशात, तर यात्रेतल्या पाळण्यात आणि गरम भज्यांत. बार्शीहून दोन्ही बहिणी आल्या होत्या. चारला निघायचं ठरलं होतं. आणि सव्वातीन वाजता माझ्या टेबलापुढं अकरा गडी पेन चावत उभे होते, कारण प्रत्येकाला एक प्रश्न आणि एक उत्तर लिहायचं होतं आणि एकालाही सुचत नव्हतं. मग मी सुचवलं. सगळ्यांना एकच.

त्या बाईला आज मी कुठं गाठलं असतं तर कान धरून उभी केली असती. पण ती माझ्याच चपला घालून फिरते, त्यामुळं पंचाईत आहे.

तो प्रश्न काय होता आणि कशासाठी, हे कळायला आधी आमचे साहेब कळायला पाहिजेत. आमचं ऑफिस भवानी पेठेत, एका टॉवेलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर लिहिलेलं 'सुरक्षा व आपत्ती नियोजन'. खाली टॉवेल घ्यायला आलेली माणसं पाटी वाचायची, वर बघायची, आणि पुन्हा टॉवेलाकडं वळायची. परदेशात कुठं भूकंप झाला, पूर आला, सरकार कोलमडलं, की तिथं मदतीचं धान्य, औषधं, तंबू पोचतात. पाठोपाठ लुटणारेही पोचतात. मग गोदामं राखायला माणसं लागतात, ट्रक चालवायला लागतात, आणि या सगळ्यांना रांधून घालायला लागतात. अशी माणसं साहेब सोलापूर जिल्ह्यातून निवडून पाठवायचे. पाठवण्याआधी ती परत कशी आणायची याची योजना कागदावर तयार असायची. रस्ता बंद झाला तर कुठून निघायचं, फोन गेले तर कुणी कुणाला कसं कळवायचं, सगळं. "पाठवायचं काम विमान करतंय की," म्हणायचे. "आणायचं काम आपलं."

साहेब विणकराच्या घरातले. वडील मागावर, आई बॉबिनं भरणारी. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखं मराठी, फोनवर जगाशी हिंदी आणि मोडकं-तोडकं पण न अडखळणारं इंग्रजी. काही वर्षं सैन्यात काढली, मग पंधरा वर्षं परक्या कंपन्यांसाठी पडक्या देशांत. मागाच्या खडखडाटात वाढलेली माणसं मोठ्यानं बोलतात असा माझा अनुभव. हे उलट. इतकं हळू बोलायचे की समोरच्याला पुढं वाकावं लागे. "घरात कुणाचं कुणाला ऐकूच येत नव्हतं, बाई," एकदा म्हणाले. "आरडून उपयोग नाही हे लहानपणीच कळलं."

स्कूटर कुठंही लावली तरी तिचं तोंड रस्त्याकडं. मंडईत गर्दी असो नाहीतर पाऊस असो, आधी उलटी फिरवणार, मगच उतरणार. जाताना वळवण्यात वेळ जायला नको, हे कारण. मेथीची जुडी घेऊन जाताना एवढी कसली घाई असते, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, मेथी घेताना सवय लागली नाही तर मग ती कधी लागायची?

टेबलाखाली त्यांची एक खाकी पिशवी असे. तिच्यात बाजरीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, शिट्टी, विजेरी आणि जुन्या चपलांचा जोड. परदेशातले डबाबंद खाण्याचे सगळे प्रकार त्यांनी खाऊन बघितले होते आणि त्यांचं मत पक्कं होतं की आपल्या कडक भाकरीपुढं ते सगळे कमी. महिनाभर टिकते, पाणी मागत नाही, आणि चोर चोरत नाही. चपलांचं मी विचारलं तर म्हणाले, भूकंपात माणसाला पहिली जखम तळपायाला होते, फुटक्या काचेची. मग पळता येत नाही. म्हणून चपला उशाशी ठेवायच्या. मी त्या दिवसापासून ठेवायला लागले. आमचे हे महिनाभर कुरकुरले, की झोपेत लक्ष्मी आली तर चपला बघून परत जाईल. मी म्हटलं, आली तर तिच्याही पायाला होतील.

महिन्यातून एकदा, कुणाला न सांगता, साहेब शिट्टी वाजवायचे. मग आम्ही पाचही जणांनी हातातलं टाकून जिना उतरायचा आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन उभं राहायचं. टॉवेलवाले शेठजी प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे चहा सांगायचे. पहिल्या वेळी मी खाली पोचले ती जेवणाचा डबा छातीशी धरून. परदेशी गेलेल्या माणसांच्या नावांचं रजिस्टर वर टेबलावर. साहेबांनी डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि वहीत लिहिलं, 'बाईंनी वांग्याची भाजी वाचवली.' ते पान माझ्या मुलीनं कुठून कोण जाणे मिळवलं आणि पुढं दहा वर्षं पाहुण्यांना वाचून दाखवलं.

त्याच मुलीच्या लग्नात त्यांनी आहेराबरोबर एक पाकीट दिलं. त्यात मंगल कार्यालयाचा हातानं काढलेला नकाशा. दारं किती, सिलिंडर कुठं हलवायचे, गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या कुठं बसवायच्या. नकाशा नेमका आमच्या व्याह्यांच्या हाती पडला. वरपक्ष दारापासून लांब दाखवलेला बघून ते चिडले. साहेब शांतपणे जवळ गेले आणि त्यांना म्हणाले, तुमची माणसं जास्त धडधाकट दिसली म्हणून लांब ठेवली. व्याही खूश. साहेब स्वतः मात्र मागच्या दाराजवळच्या पंगतीत जेवले.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ. "घाबरायचंय ते आज घाबरून घ्या, निवांत बसून. त्या दिवशी वेळ मिळत नाही." गेल्या वर्षी ते गेले. शेवटच्या आजारात भेटायला गेले होते, तर नर्सबाई माझ्याकडंच तक्रार करायला लागली. म्हणे, आजोबा औषध घेतात, सुई टोचून घेतात, पण दुसरा जिना कुठं आहे ते दाखवल्याशिवाय झोपत नाहीत. मी म्हटलं, दाखव की. तिनं चाकाच्या खुर्चीतून नेऊन दाखवला. मग झोपले.

तर, पाकिटं.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येकानं जाण्याआधी एक पाकीट बंद करून द्यायचं. आत एक प्रश्न आणि त्याचं उत्तर. साहेब त्याला ओळखीचा प्रश्न म्हणायचे. प्रश्न असा, की उत्तर फक्त त्याला आणि घरातल्या एकाच माणसाला माहीत. देव नको, नाव नको, जन्मतारीख नको, जे कुणालाही अंदाजानं सांगता येतं ते काही नको. उद्या माणसाला कुणी पकडून ठेवलं आणि आमच्याकडं तो जिवंत आहे म्हणायला लागले, तर पाकीट फोडून तो प्रश्न तिकडं पाठवायचा. बरोबर उत्तर आलं तर माणूस जिवंत. एवढंच त्या पाकिटाचं काम. साहेबांनी हे मला दोनदा समजावलं होतं. मी दोनदा मान हलवली होती. मनात म्हणत होते, हा माणूस लग्नात सिलिंडर मोजतो, याचं काय ऐकायचं.

त्या दुपारी साहेब पुण्याला गेलेले. अकरा गडी माझ्यापुढं. एक म्हणतो, बाई, बायकोला माहीत नाही असं पुष्कळ आहे, तिला एकटीला माहीत असलेलं काय लिहू? बाकीचे हसले. घड्याळ पुढं पळत होतं. मी म्हटलं, लिहा सगळे. प्रश्न, तुमचं आवडतं दैवत कोणतं. उत्तर, सिद्धेश्वर. दहा जणांनी लिहिलं. अकरावा नातेपुत्याचा, पंचविशीचा, गोदामावर राखणीला जाणारा. तो तसाच उभा.

"बाई, आमी बौद्ध हाय. आमच्यात तसं दैवत न्हाय," तो म्हणाला.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अरे, कोण वाचणार आहे? लिही की." त्यानं माझ्याकडं बघितलं, पेनाकडं बघितलं, आणि लिहिलं. चार वाजता मी पाळण्यात होते.

तीन महिन्यांनी फोन आला. देशाचं नाव सांगत नाही. साहेबांनी तेव्हा सांगू नका म्हटलं होतं, आणि ते गेले तरी मी त्यांच्या नोकरीत असल्यासारखीच वागते. भूकंपानं मोडलेला मुलूख, डोंगरातली वाट, धान्याचा एक ट्रक. ट्रकवर आमची दोन माणसं. चालक अक्कलकोटकडचा, चाळिशीचा, अनुभवी. राखणीला नातेपुत्याचा. ट्रक रिकामा सापडला. माणसं नाहीत. दोन दिवसांनी निरोप आला की दोघं आमच्याकडं आहेत, दोघं ठीक आहेत. फोनवर बोलू देत नव्हते. तिथला एक वयस्क मध्यस्थ कागद घेऊन जायचा आणि कागद घेऊन यायचा, तेवढीच वाट.

साहेबांनी दोन पाकिटं काढायला सांगितली. मी काढली. त्यांनी पहिलं फोडलं, प्रश्न फोनवर मध्यस्थाला कळवला. दुसरं फोडलं. वाचलं. पुन्हा पहिलं वाचलं. मग कपाटातून उरलेली नऊ स्वतः आणली आणि एकेक फोडून टेबलावर ओळीनं मांडली. अकरा सिद्धेश्वर. खाली शेठजी कुणाला तरी टॉवेलाचा रंग पक्का असल्याचं सांगत होते, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

"ही कुणाची अक्कल?" नेहमीपेक्षाही हळू विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

"बरं."

एवढंच. दुसरा प्रश्न हाताशी नव्हता, म्हणून तोच दोघांसाठी पाठवला. संध्याकाळी दोन्ही उत्तरं आली. सिद्धेश्वर, सिद्धेश्वर. मला वाटलं, सुटलो. मी हात जोडले. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, चालकाला मध्यस्थानं डोळ्यांनी बघितलंय, तो जिवंत आहे. पण एकच उत्तर असलेले दोन प्रश्न एकट्यानंही सोडवता येतात. दुसरा जिवंत आहे की त्याच्या वाटचंही चालकानंच सांगितलं, हे यातून कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय बोलणी कुणासाठी करायची? एकाला सोडतील आणि दुसऱ्याचं नाव कुणी पुन्हा काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपनं नातेपुत्याला निघालो. माझी काही गरज नव्हती. साहेब म्हणाले, चला. वेळापूरला चहाला थांबलो, तिथं जीपचं तोंड रस्त्याकडं करून घेतलं. मी पदर डोळ्याला लावला तेव्हा बशी खाली ठेवून म्हणाले, "रडायचंय तर माळशिरसच्या आत रडून घ्या, बाई. त्यांच्या घरात पहिला नंबर त्यांचा."

मी माळशिरसच्या आत रडून घेतलं.

दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पोराचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण, त्या दिवशी रजा टाकून बसलेली. वडील उंबऱ्याशी बिडी न पेटवता हातात धरून. साहेब सतरंजीवर दाराजवळ बसले. बोलता बोलता चुलीशेजारचा रॉकेलचा डबा त्यांनी हातानं भिंतीकडं सरकवला. ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. आई मात्र बघत होती.

"जिता हाय का माजा?" तिनं विचारलं.

"तेच विचारायचंय, आई," साहेब म्हणाले. "म्हणून आलोय."

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. म्हणाले, मला अशी एक गोष्ट पाहिजे, जी फक्त तुम्हाला आणि त्याला माहीत आहे. ती चालकाला ठाऊक नको, गावाला नको, कुणालाच नको. आई म्हणाली, मग आधी त्यानं काय लिहून दिलंय? साहेब माझ्याकडं बघत नव्हते. म्हणजे मीच बोलायचं होतं. मी सांगितलं. घाई होती, मी एकच उत्तर सगळ्यांना लिहायला लावलं, तो नको म्हणत होता. यात्रेचंही सांगितलं. ते गाळायचा फार मोह झाला होता.

ती मला ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "लिवलं आसंल त्यानं. मोट्या मानसाला न्हाय म्हनायचं त्याला जमतच न्हाय." आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, पावन्यास्नी दूद घिऊन या की." घरात दूध होतं. पातेलं मला दिसत होतं. ते उठून गेले, लांबपर्यंत गेल्याची तिनं खात्री केली, आणि मग आवाज खाली आणून बोलायला लागली.

पोरगं दहावीला पहिल्या खेपेला नापास झालं होतं. बाप रागीट. त्यानं सांगून ठेवलं होतं की नापास झाला तर शाळा बंद, वीटभट्टीला लावणार. हिनं त्याच दिवशी गुणपत्रिका वसतिगृहात नेली आणि चुलीत घातली. घरी सांगितलं की निकाल राखून ठेवलाय, बोर्डात काहीतरी घोटाळा आहे. ऑक्टोबरला पोरगं पुन्हा बसलं आणि पास झालं. बापाला आजतागायत पत्ता नव्हता. "ह्यास्नी कळलं तर आता बी माजी खैर न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडं बघितलं.

साहेबांनी कागदावर प्रश्न लिहिला. पहिली गुणपत्रिका कुणी आणि कुठं जाळली? मग ते उठले आणि त्या माउलीपुढं वाकले. मी त्यांना कुणापुढं वाकताना त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. वडील दूध घेऊन आले. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. त्या चहात मला साखर लागली नाही.

तीन दिवस उत्तर नाही. साहेब ऑफिसातून हलले नाहीत. खाकी पिशवीतली भाकरी खायचे आणि एक तुकडा माझ्यापुढं ठेवायचे. एकदा सुद्धा म्हणाले नाहीत की तुमच्यामुळं. मी राजीनामा लिहून नेला होता, तो त्यांनी भाकरी-चटणीखाली ठेवून दिला, तेल लागू नये म्हणून टेबलाला.

चौथ्या दिवशी मध्यस्थाचा कागद आला. साहेबांनी मला वाचून दाखवला. 'आईनं. वसतिगृहाच्या चुलीत. त्या जाळावर तिनं चहा केला.'

साहेब म्हणाले, चहाचं आई बोलल्या नव्हत्या. विचारा.

मी वसतिगृहात फोन लावला. पलीकडं पातेल्यांचा आवाज, मुलींचा गलका. मी विचारलं, गुणपत्रिका जाळली तेव्हा त्यावर चहा केला होता का? तिनं हातातलं पातेलं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "केलता. गुळाचा. आमी दोगांनी पिलता." आणि फोन ठेवला. साहेबांनी त्या पोराच्या कागदावर तारीख घातली आणि पुढं एकच शब्द लिहिला, जिवंत.

त्यानंतर नऊ दिवस गेले. पोराला चालकापासून वेगळं ठेवलं होतं, पाय मोडल्यामुळं तो चालू शकत नव्हता, हे नंतर कळलं. साहेब फोनवर एकच गोष्ट त्याच हळू आवाजात सांगत राहिले, दोघं एकत्र, नाहीतर बोलणं नाही. तिथल्या गावच्या म्हाताऱ्यांनी मध्ये पडून शेवटी दोघांना डोंगराखाली आणून सोडलं. मी त्या काळात उरलेल्या नऊ जणांना परदेशी फोन लावून त्यांची पाकिटं नव्यानं करत होते. एकेकाला अर्धा-पाऊण तास. त्यांनी मला जे सांगितलं ते मी कुणालाही सांगणार नाही. पण माणसं कडक भाकरीसारखी वरून दिसतात आणि आत काय काय असतं, हे मला तेव्हा कळलं. शेवटी साहेबांनी एक कोरं पाकीट माझ्यापुढं सरकवलं. म्हटलं, मी कुठं चाललेय? ते म्हणाले, लिहा की. मला दोन दिवस लागले.

दीड महिन्यानं तो पोरगा कुबडी टेकत ऑफिसचा जिना चढून आला, ओळखपत्र परत करायला. साहेब बाहेर गेले होते. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं. माझी चूक, मला माफ कर. त्यानं पाणी संपवलं, पेला नीट टेबलावर ठेवला आणि म्हणाला:

"जाऊ द्या, बाई. पयल्यांदा इचारलं तवा मला काय लिवलंय तेच आटवंना. ते तुमचं उत्तर हुतं की. म्या गप बसलो, तवा त्येंनीच डायवरचं बगून माज्या नावावर लिवून धाडलं. पर दुसऱ्यांदा कागद आला, आन् त्यात गुणपत्रिकेचं बगितलं, तवा कळलं, आईपातूर निरोप पोचलाय. मग भ्या न्हाय वाटलं. च्याचं म्या मुद्दाम लिवलं, तिला हसू यावं म्हनून. आता घरी इचारतोय तर सांगतच न्हाय. फोन तुमीच केलता न्हवं? हसली का वो ती?"